आधी ऊब, मग वीज, शेवटी पेचकस: जुना अ‍ॅनालॉग सिंथ सुरात कसा आणायचा

मागच्या जुलैत डोंबिवलीचा एक मुलगा दादरला गाडी बदलून माहीमला माझ्याकडे आला. हातात प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळलेला जपानी सिंथ (विजेवर सूर घडवणारं कीबोर्डचं वाद्य) होता, चाळीसएक वर्षांचा, दोन ऑसिलेटरचा. टेबलावर ठेवायच्या आतच त्याने सांगायला सुरुवात केली, "ताई, खालचा सा लावला की वरचा चढतो. वरचा लावला की खालचा पडतो. दोन दिवस नुसता पेच फिरवतोय."

त्याची तक्रार त्याने एका दमात इतकी नेमकी मांडली की निम्मं निदान तिथेच झालं. अ‍ॅनालॉग सिंथ बेसूर होतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळलेल्या असतात. एका चुकीचा पेच फिरवून दुसरी चूक दुरुस्त करायला गेलं, की दोन दिवस काय, दोन महिनेही पुरत नाहीत.

पेटीवाल्याला ही अडचण येत नाही. हार्मोनियममध्ये प्रत्येक पट्टीची स्वतःची पितळी जीभ असते. ती टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. गंधाराची जीभ घासल्याने पंचमाला काही होत नाही. सिंथमध्ये मात्र सगळ्या पट्ट्यांसाठी गाणारा एकच असतो, तो म्हणजे ऑसिलेटर. पट्टी स्वतः सूर काढत नाही, ती ऑसिलेटरकडे फक्त एक व्होल्टेज पाठवते आणि त्या व्होल्टेजवरून त्याने सूर ठरवायचा. बहुतेक यंत्रांत हिशोब असा असतो की व्होल्टेज १ व्होल्टने वाढलं की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. सप्तकात बारा पट्ट्या, म्हणजे एका पट्टीला १ व्होल्टचा बारावा भाग, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. एका पट्टीचे १०० भाग केले तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. एका सेंटला ०.८३ मिलिव्होल्ट.

आता त्या दोन चुका. शिंप्याची मापाची टेप डोळ्यांसमोर आणा. समजा टेपचा पहिला इंच फाटून गेला आहे आणि तिची सुरुवात १ या आकड्यापासून होते. अशा टेपने काहीही मोजा, गळा असो वा उंची, माप एका इंचाने चुकणार. चूक सगळीकडे सारखी. दुसरी टेप अखंड आहे, पण वापरून वापरून ताणली गेली आहे. तिने गळा मोजला तर चूक कळणारही नाही, पँटची लांबी मोजली तर चांगला अर्धा इंच फरक पडेल. इथे जितकं लांब जाल तितकी चूक वाढते.

सिंथमध्ये पहिल्या चुकीला ऑफसेट म्हणतात, म्हणजे सूर सुरू कुठून होतो. दुसरीला स्केल म्हणतात, रोलँड या जपानी कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तिचं नाव विड्थ असं असतं. म्हणजे सप्तक किती रुंद आहे. ऑफसेट चुकला तर सगळं वाद्य सारखंच चढं किंवा उतरलेलं लागतं, आणि ते समोरच्या ट्यून नॉबने क्षणात मिळवता येतं. स्केल चुकलं तर ट्यून नॉबने काहीच साधत नाही. १ व्होल्टला एका सप्तकाऐवजी १.०१ सप्तक मिळत असेल, तर दर सप्तकाला १२ सेंटची चूक. एका सप्तकात ती कानाआड होईल. पाच सप्तकांत ती ६० सेंट होते, म्हणजे अर्ध्या पट्टीहून जास्त. डोंबिवलीच्या मुलाची टेप ताणलेली होती आणि तो दोन दिवस तिचं पहिलं टोक सरकवत बसला होता.

(एक सावधगिरी. कॉर्गचा १९७८ चा एमएस-२० आणि यामाहाचे काही जुने सिंथ ही १ व्होल्टची रीत पाळत नाहीत. तिथे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होतं: १, २, ४, ८. त्यांच्यासाठी पुढचे आकडे लागू नाहीत.)

टेप ताणली का जाते? उत्तर उष्णतेत आहे, आणि मुंबईत राहणाऱ्याने ते नीट समजून घ्यावं.

आपल्या कानाला सप्तक म्हणजे कंपनसंख्या दुप्पट. ११०, २२०, ४४०, ८८०. व्होल्टेज एकेका पायरीने चढतं, कंपनसंख्या मात्र दुप्पट-दुप्पट होत जाते. बेरजेचा गुणाकार करणारा एक भाग ऑसिलेटरमध्ये असतो, आणि हे काम ट्रान्झिस्टर त्याच्या अंगभूत गुणाने करतो. त्याच्या बेसवरचं व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढवलं की त्यातून जाणारा विद्युतप्रवाह दुप्पट होतो. म्हणून कीबोर्डकडून आलेला १ व्होल्ट आधी १८ मिलिव्होल्टपर्यंत खाली आणला जातो. हे माप किती नाजूक आहे पाहा: त्या जागी १ मिलिव्होल्ट इकडचं तिकडे झालं तर सूर ६७ सेंट सरकतो, दोन तृतीयांश पट्टी. आपण बॅटरी मोजतो त्या मल्टीमीटरला तिथला एका सेंटचा फरक दिसणारही नाही.

आणि हा १८ चा आकडा स्थिर नाही. तो तापमानाच्या प्रमाणात वाढतो, एका अंशाला ०.३३ टक्के. पुस्तकांत हा हिशोब ३०० केल्विनला मांडलेला असतो, म्हणजे २७ अंश सेल्सिअस. गंमत म्हणजे मुंबईच्या एखाद्या बऱ्या दिवसाचं हेच तापमान. कसलीही सोय केली नसेल तर प्रत्येक अंशामागे दर सप्तकाला ४ सेंटची चूक पडते. खोली ५ अंशांनी तापली आणि तुम्ही मूळ सुरापासून चार सप्तकं वर वाजवत असाल, तर ८० सेंट. जवळजवळ एक अख्खी पट्टी. गरम झालं की सप्तक आक्रसतं, वरचे सूर उतरतात.

बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून ट्रान्झिस्टर जोडीने वापरतात, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याने खोडून काढावी. त्यांना चिकटून एक खास रेझिस्टर बसवतात, ज्याची किंमत उष्णतेने ०.३३ टक्क्याच्या आसपासच वाढते, म्हणजे चूक तिथल्या तिथे भरून निघते. काही यंत्रांत तर ट्रान्झिस्टरलाच तापवून एका ठरावीक तापमानावर ठेवतात. नंतर सीईएम३३४० नावाची चिप आली, तिच्यात ही भरपाई आतच केलेली आहे. १९८२ च्या रोलँड एसएच-१०१ मध्ये तीच चिप आहे. प्रॉफेट-५ आणि ज्युपिटर-८ यांना ट्यूनचं बटण असतं, ते दाबलं की यंत्र स्वतःचे ऑसिलेटर मोजून जुळवून घेतं. ज्युनो-६० आणि ज्युनो-१०६ मध्ये सुराची लगाम डिजिटल घड्याळाच्या हातात आहे, त्यामुळे त्यांचा सूर असा हलत नाही. पण १९७० चा मिनीमूग आणि त्याच्या वळणाची यंत्रं यांना हातानेच सांभाळावं लागतं.

संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये इथेच, मुंबईत, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग वाजवून रेकॉर्ड केले. मला त्या कामाबद्दल फार आदर आहे, आणि ते ऐकताना दर वेळी मनात येतं की रागात सूर लपवायला जागाच नसते. गायकाच्या गळ्यातला कोमल रिषभ कीबोर्डच्या बारा समान भागांत तंतोतंत बसत नाही, हे खरं. पण ते बारा भाग आधी खरोखर समान तरी हवेत.

तर क्रम. त्याबाबत मी फार आग्रही आहे, कारण चुकीच्या क्रमाने केलेलं बरोबर कामही वाया जातं.

सगळ्यात आधी यंत्र सुरू करून सोडून द्यायचं, निदान अर्धा तास, जमलं तर तास. झाकण लावूनच, कारण ते वाजवताना झाकण लावलेलंच असणार. पंख्याचा झोत थेट त्यावर नको. एसी लावायचा असेल तर आधीपासून लावा आणि काम संपेपर्यंत बंद करू नका. मधेच एसी बंद करून "आता बरं वाटतंय" म्हणणारा माणूस मी पाहिला आहे, त्याचं तासाभराचं काम दहा मिनिटांत गेलं. या वेळात प्रत्येक पट्टी, प्रत्येक नॉब दहा-वीस वेळा फिरवून घ्या. समुद्राजवळच्या घरांत हवेतल्या खारेपणाने संपर्क गंजतात, आणि निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच कमी होतात.

जपानहून आणलेलं यंत्र असेल तर मागची पट्टी वाचा. तिथे १०० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टला थेट लावायचं नाही, २३० वरून १०० करणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. बाजारात ११० वाला सहज मिळतो, पण जुन्या यंत्राला तो दहा टक्के जादा पाजतो आणि आतला रेग्युलेटर उगाच तापतो. झाकण उघडल्यावर जिथे वायर आत येते, जिथे फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मर आहे, तो भाग जिवावर बेतणारा आहे. ज्याला तो भाग ओळखता येत नाही त्याने झाकण उघडू नये. हे मी अगदी मनापासून सांगते.

ऊब आली की वीज. बहुतेक यंत्रांत अधिक १५ आणि उणे १५ असे दोन व्होल्टेज असतात, मिनीमूगमध्ये १० आणि १०. मॅन्युअलमध्ये मोजायची जागा दिलेली असते. अधिकचं व्होल्टेज आधी लावायचं, बऱ्याचदा उणेचं त्याच्याच मागे चालतं. ऑसिलेटर याच व्होल्टेजला प्रमाण मानून चालतो, म्हणून हे चुकीचं असताना सूर लावला आणि नंतर हे दुरुस्त केलं, तर सूर पुन्हा मुळापासून लावावा लागतो. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतील तर आवाजात खालून घरघर येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घरघर बहुधा १०० हर्ट्झवर ऐकू येते. ती असेल तर आधी कपॅसिटर बदला. पेचकस बाजूला ठेवा.

मीटरबद्दल एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. साधा साडेतीन अंकी मल्टीमीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टच्या पायरीने दाखवतो. १० मिलिव्होल्ट म्हणजे १२ सेंट. त्याने पुरवठा मोजता येईल, सूर नाही. कीबोर्डचं व्होल्टेज तपासायचं तर साडेचार अंकी हवा, तो १ मिलिव्होल्ट दाखवतो. एका सप्तकाच्या अंतरावरच्या दोन पट्ट्या दाबून फरक १.००० येतो का पाहायचा. तो येत नसेल तर दोष ऑसिलेटरच्या आधी, कीबोर्डच्या भागात आहे, आणि तो आधी काढायचा.

आता कुठे पेचकस. लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून कुणालाही लॅमिंग्टन रोडच विचारा) प्लास्टिकचा पातळ पेचकस मिळतो, तोच वापरा. धातूचा निसटला तर दोन तारा जोडून टाकतो. बोर्डावरच्या त्या छोट्या फिरत्या रेझिस्टरना तिथले दुकानदार प्रिसेट म्हणतात. एकालाही हात लावण्याआधी सगळ्यांचे फोटो काढा आणि प्रत्येकाच्या मूळ जागी मार्करने रेघ मारा.

त्या दिवशी आम्ही केलं ते असं. दुसरा ऑसिलेटर बंद, फिल्टर (आवाज गाळणारा भाग) पूर्ण उघडा, व्हायब्रेटो शून्य, ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) शून्य. सिंथचा आवाज वायरने थेट ट्यूनरला जोडला, कारण फोनच्या माइकला खर्जातले सूर नीट ऐकू येत नाहीत. खालचा ११० चा सूर ट्यून नॉबने बरोबर शून्यावर आणला. तीन सप्तकं वरची पट्टी दाबली, ट्यूनर म्हणाला ३० सेंट चढा. म्हणजे दर सप्तकाला १०. स्केलचा प्रिसेट अगदी थोडा फिरवला. वरचा सूर उतरला, पण खालचाही हलला. मुलगा म्हणाला, "बघा, हेच होतं!" हे होणारच. प्रिसेट फिरला की दोन्ही टोकं हलतात. खालचा सूर पुन्हा ट्यून नॉबनेच शून्यावर आणायचा आणि मग वर जाऊन पाहायचं. या वेळी १८ सेंट चढा. पुन्हा थोडा प्रिसेट, पुन्हा खाली नॉबने शून्य, पुन्हा वर. ७. मग उलटा २ सेंट उतरलेला. पाचव्या फेरीला दोन्ही टोकं जुळली. खाली नॉब, वर प्रिसेट, हा नियम एकदाही मोडायचा नाही. मुलाने तो दोन दिवस नेमका उलटा वापरला होता.

अगदी वरचे सूर तरीही किंचित उतरलेले राहिले. त्याचं कारण वेगळं आहे. ऑसिलेटरमध्ये एक कपॅसिटर भरत जातो आणि भरला की झटकन रिकामा होतो, माठ भरून ओतावा तसा. ओतायला लागणारा वेळ ठरलेला, समजा एक मायक्रोसेकंद. सेकंदाला १०० वेळा ओतताना तो खिजगणतीत नसतो. सेकंदाला ५००० वेळा ओतायचं झालं की एका फेरीला २०० मायक्रोसेकंदच मिळतात, त्यात तो एक मायक्रोसेकंद अर्धा टक्का होतो. सूर साडेआठ सेंटने उतरतो. यासाठी बऱ्याच यंत्रांत वेगळा प्रिसेट असतो, तो सर्वांत शेवटी, फक्त वरच्या सप्तकापुरता फिरवायचा.

दुसऱ्या ऑसिलेटरसाठी मात्र मी ट्यूनर बाजूला ठेवते. दोन्ही ऑसिलेटर एकत्र वाजवायचे आणि लाट ऐकायची. एक ४४० वर आणि दुसरा ४४१ वर असेल तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि बसतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवणाऱ्याला ही लाट सांगावी लागत नाही. खालच्या ११० वर दोन्ही इतके जवळ आणा की लाट थांबेल. मग एकेक सप्तक वर जा. लाट वरही थांबलेली राहिली तर दोघांची सप्तकं सारखी रुंद आहेत. वर जाताना वेग वाढत गेला तर दुसऱ्याचं स्केल अजून ताणलेलं आहे. चांगला कान या पद्धतीने अर्ध्या सेंटपर्यंत पोचतो, आणि माझा अनुभव असा की मीटरपेक्षा लवकर पोचतो. जुळवून झाल्यावर वाजवताना दोघांना मुद्दाम दोन-तीन सेंट लांब ठेवा, आवाज भरदार होतो. फरक इतकाच की ते अंतर तुमच्या हाताने ठेवलेलं असतं.

फिल्टरचं थोडक्यात: रेझोनन्स (फिल्टर जिथे गाळतो तिथलाच आवाज उचलून धरणारा नॉब) पूर्ण वाढवला की बरेच फिल्टर स्वतःच शिट्टीसारखे गातात. त्या शिट्टीलाही ऑसिलेटरसारखंच ऑफसेट आणि स्केल असतं, आणि तीच खाली-वर करायची फेरी तिथेही चालते. पट्टी दाबताना ठप्प असा आवाज येत असेल तर तो शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ऑफसेट आहे, त्याचाही प्रिसेट असतो.

सगळं जुळलं, मुलाचा चेहरा खुलला, आणि त्याने एक लांब सूर वाजवून पट्टी सोडली. आवाज विरत जाताना सूर हळूहळू खाली घसरला. पट्टी दाबलेली असेपर्यंत अगदी बरोबर, सोडली की घसरण.

हा दोष कोणत्याही प्रिसेटने जात नाही. पट्टी सोडल्यावर शेवटचं व्होल्टेज एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठवलेलं असतं, म्हणजे आवाज विरेपर्यंत सूर टिकावा. त्या कपॅसिटरमधून थेंबभरही गळती झाली की सूर घसरतो. जुलैच्या दमट हवेत बोर्डावर जुन्या सोल्डरिंगचा चिकट थर असेल, त्यावर धूळ बसली असेल, तर तो थर पाणी धरतो आणि तिथूनच गळती होते. आम्ही यंत्र बंद करून वायर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने त्या कपॅसिटरभोवतीची जागा दोन्ही बाजूंनी घासली. ब्रशवर तांबूस मळ आला. टेबलफॅनपुढे दोन तास वाळवलं, पुन्हा अर्धा तास तापवलं. या वेळी पट्टी सोडल्यावर सूर शेवटपर्यंत जागचा हलला नाही. माझी खात्री आहे की मुंबईतले कितीतरी सिंथ "पावसाळ्यात बेसूर होतात" म्हणून बदनाम आहेत ते केवळ या मळामुळे.

झाकण लावून पंधरा मिनिटांनी दोन्ही टोकं पुन्हा तपासली. बंद खोक्यात तापमान थोडं वाढतं, तेव्हा वरचा सूर एक-दोन सेंट उतरला तर चालतं. मग त्या मुलाने एका कागदावर तारीख, खोलीचं तापमान, दोन्ही व्होल्टेज आणि कोणता प्रिसेट कुठवर फिरवला ते लिहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तो कागद चिकटवायला गेलो, तर तिथे पेन्सिलीने जपानीत काहीतरी लिहिलेलं आधीच होतं, आणि शेजारी आकडे: १५.०२, उणे १४.९८. त्याने आपला कागद त्याच्या खाली चिकटवला.